आधी दुरुस्ती, मग ताबा

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर भिडेवाडा होता. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. जागा तात्यासाहेब भिड्यांची. पुढे मालकी बदलत गेली, रस्त्याच्या बाजूला दुकाने आली, आतली लाकडे कुजत गेली. पुणे महापालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी तो संपादित करायचे ठरवल्यावर मालक आणि गाळेधारक न्यायालयात गेले आणि प्रकरण एक तपाहून जास्त काळ अडकून पडले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गाळेधारकांची याचिका फेटाळली. 4 डिसेंबर 2023 च्या रात्री पोलीस बंदोबस्तात ताबा घेण्यात आला आणि वाडा जमीनदोस्त करण्यात आला. खटला महापालिकेने जिंकला. वाडा कोणालाच मिळाला नाही.

यात महापालिकेने काही बेकायदा केले असे मुळीच नाही. संपादन स्मारकासाठी होते, स्मारकाला जागा हवी होती, जागा मिळाली. तेव्हा उरलेला ढाचा धोकादायक झाला होता हेही खरे. प्रश्न वेगळा आहे. इतकी वर्षे न्यायालयात युक्तिवाद झाले ते संपादनाची प्रक्रिया, मोबदला आणि भाडेकरूंचे हक्क यांवर. त्या काळात वाड्याची गळकी छपरे शाकारायला, वाळवी लागलेल्या तुळया बदलायला कोणालाच भाग पाडले गेले नाही. मालक म्हणणार, जागा तर तुम्ही घेणार, मी खर्च का करू? महापालिका म्हणणार, ताबाच नाही तर आम्ही हात कसा लावू? भाडेकरू तर बोलूनचालून भाडेकरू. आपल्याकडे दुर्लक्षित ऐतिहासिक घरांच्या सक्तीच्या संपादनावर जे वाद होतात त्यांचे दुखणे इथे आहे. आपला कायदा जमिनीकडे पाहतो, घराकडे पाहत नाही. म्हणून सरकार हरले तर घर पडते, आणि जिंकले तरी बहुधा पडतेच. संपादनाच्या आधी दुरुस्तीच्या नोटिशीची कायदेशीर पायरी असल्याशिवाय हे बदलणार नाही, असे माझे मत आहे.

ही पायरी कशी असते ते पाहायचे तर इंग्लंडकडे पाहावे लागते. तिथे संरक्षित इमारतींच्या राष्ट्रीय यादीत जवळपास चार लाख नोंदी आहेत. त्यांत राजवाडे आहेत तसे शेतकऱ्यांच्या कोठारांपासून टेलिफोनच्या खोक्यांपर्यंत काहीही आहे, आणि बहुतेक सगळे खासगी मालकीचे. 1990 चा सूचीबद्ध इमारतींचा कायदा या मालकांना दोन टप्प्यांत गाठतो. इमारतीची पडझड होते आहे असे दिसले की स्थानिक संस्था प्रथम मालकावर दुरुस्तीची नोटीस बजावते. योग्य जतनासाठी कोणकोणती कामे करणे आवश्यक आहे याची यादी त्या नोटिशीत द्यावीच लागते: अमुक भागाचे छप्पर, तमुक भिंतीचा आधार, पन्हळी, खिडक्या. त्यानंतर किमान दोन महिने थांबायचे. तेवढ्यात मालकाने हालचाल केली नाही, तरच सक्तीच्या खरेदीची प्रक्रिया सुरू करता येते, आणि तीही मंत्र्याच्या मंजुरीने. मालकाला वाटले की मी पुरेशी काळजी घेतो आहे, तर 28 दिवसांत तो दंडाधिकाऱ्याकडे जाऊन ही प्रक्रिया थांबवण्याचा आदेश मागू शकतो. हरकत घेतली तर सार्वजनिक चौकशी होऊ शकते आणि त्यानंतरही कायद्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाचे दार उघडे असते, मात्र फक्त सहा आठवडे.

या रचनेची खरी करामत अशी की मालकाच्या हातात शेवटपर्यंत एक किल्ली राहते. त्याने काम सुरू केले की संपादनाचा आधारच जातो. त्यामुळे प्रत्यक्षात अनेकदा संपादनापर्यंत वेळच येत नाही. नोटीस हाती पडल्यावर मालक एक तर गवंडी बोलावतो, नाही तर घर विकून मोकळा होतो. दोन्ही मार्गांनी कायद्याचा हेतू साधतो. आणि प्रकरण न्यायालयात गेलेच तर तिथला वादही घराविषयीच होतो. 1989 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेला रॉबिन्स खटला याचे उत्तम उदाहरण आहे. मालकाचे म्हणणे, नोटिशीत जतनापलीकडची, पुनर्बांधणीची कामे घातली आहेत, म्हणून सगळी नोटीसच रद्दबातल. लॉर्ड्सनी ते मानले नाही. नोटिशीत काही कामे जास्तीची असली तर तेवढी बाजूला काढावीत, बाकीची उभी राहतात. आणि जतन म्हणजे काय हे ठरवताना इमारत यादीत आली त्या दिवशी कशी होती ते पाहावे, असा दंडक त्यांनी घातला. म्हणजे यादीत आल्यावर दहा वर्षे घर गळू दिले आणि मग 'आता उरलेय काय वाचवायला' म्हणायचे, ही पळवाट बंद झाली. हा खटलाही मालकी हक्काचाच होता, पण निकाल वाचताना छप्पर आणि भिंती नजरेआड होत नाहीत.

मोबदल्याच्या बाबतीतही तो कायदा दुर्लक्षाची किंमत लावतो. साधारणपणे मालकाला बाजारभाव मिळतो. पण पाडण्याची परवानगी मिळावी आणि मोकळ्या जागेवर नवे बांधकाम करता यावे म्हणून इमारत जाणूनबुजून खचू दिली असे दिसले, तर किमान मोबदल्याचा निर्देश देता येतो. मग जागेच्या विकासातून मिळू शकणारा फायदा हिशेबातून वजा होतो. घर दुरुस्त करून वापरले तर त्याची जी किंमत होईल तेवढीच गृहीत धरली जाते. या निर्देशालाही मालक न्यायालयात आव्हान देऊ शकतो, आणि हेतू सिद्ध करणे सोपे नसल्याने हे शस्त्र क्वचितच उपसले जाते. पण ते म्यानात आहे, हे मालकाच्या वकिलाला ठाऊक असते.

आता आपल्याकडचे चित्र. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात जमिनीचा बाजारभाव आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट पैसे मिळतात. जुन्या पेठांत वाड्यापेक्षा वाड्याखालची जमीन कितीतरी मोलाची. मग ज्याने चाळीस वर्षे दर पावसाळ्याआधी कौले चाळली तो मालक आणि ज्याने वाडा मुद्दाम पडू दिला तो मालक, दोघांच्या मोबदल्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. उलट दुसऱ्याचा दुरुस्तीचा खर्च वाचला. कायदा इथे गप्प राहून एक बाजू घेतो.

नोटिशी आपल्याकडे नाहीत असे नाही. मुंबई महापालिका कायद्याचे कलम 354 आणि इतर महापालिकांच्या कायद्यातले कलम 264 यांखाली धोकादायक बांधकामांना दर पावसाळ्याआधी नोटिशी निघतात. दोन्हींत पाडा, आधार द्या किंवा दुरुस्त करा असे पर्याय आहेत. पण या कलमांचे लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्याकडे आहे, आणि ते तसे असायलाच हवे. घर पाडले की धोका संपतो, नोटिशीचे समाधान होते. दुसऱ्या बाजूला मुंबईची 1995 पासूनची वारसा नियमावली आहे. वारसा इमारतीची नियमित दुरुस्ती हे मालकाचे कर्तव्य असल्याचे त्यात म्हटले आहे. परवानगीशिवाय पाडायचे नाही, दर्शनी भाग बदलायचा नाही, हेही आहे. पण कर्तव्य पाळले नाही तर पुढे काय, तिथे जिना तुटतो. न पाडता नुसते पडू देण्यावर उपाय नाही. पूर्वीच्या वॉटसन हॉटेलचे, म्हणजे काळा घोड्याजवळच्या एस्प्लेनेड मॅन्शनचे, तेच झाले. 1860 च्या दशकातली बिडाच्या सांगाड्याची ही इमारत. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात प्रथम दाखवले गेले ते इथे. 2005 मध्ये तिचा काही भाग कोसळून जीवितहानी झाली, 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. मग पाडावी की वाचवावी यावर तज्ज्ञांचे परस्परविरोधी अहवाल आले. अभियंत्यांमध्ये असा वाद 1989 मध्ये झाला असता तर तो निष्फळ ठरला नसता. तीस वर्षांनी तो शवचिकित्सेसारखा वाटतो.

एक अपवाद सांगायला हवा. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम 13 मध्ये, संरक्षित स्मारक नष्ट होण्याची किंवा दुर्लक्षामुळे ढासळण्याची भीती असेल तर केंद्र सरकार ते संपादित करू शकते, आणि स्मारकाची देखभाल हेच सार्वजनिक प्रयोजन मानले जाते. म्हणजे दुर्लक्ष हेच संपादनाचे कारण, ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. फक्त ती संरक्षित स्मारकांपुरती आहे. पेठेतला वाडा, गिरगावातली चाळ, कोकणातले चौसोपी घर या चौकटीत बसत नाही.

या मुद्द्यावर मालकांची बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल, कारण ती भक्कम आहे. मालक विचारतो, दुरुस्तीला पैसे कुठून आणू? 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. सिमेंट, लाकूड, मजुरी सगळे वाढले. भाडे तेवढेच राहिले. गोठलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले. नवा कायदा 2000 पासून आला, वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, पण चार टक्के कशाचे? मुळातल्याच चिमूटभर भाड्याचे. अशा मालकाला दुर्लक्षाचा गुन्हेगार ठरवणे म्हणजे आधी हात बांधायचे आणि मग काम का केले नाही म्हणून जाब विचारायचा. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. म्हणूनच केवळ नोटीस पुरेशी नाही. जिथे दुर्लक्षाचे कारण गोठलेले भाडे आहे तिथे दुरुस्तीच्या नोटिशीबरोबर कर्ज, अनुदान किंवा हस्तांतरणीय विकास हक्क यांपैकी काहीतरी मालकाच्या हाती पडलेच पाहिजे, आणि ते देऊ करूनही त्याने काही केले नाही तरच पुढचे पाऊल उचलावे. दानत नसणे आणि ऐपत नसणे यांत फरक करणारी यंत्रणा आज आपल्याकडे नाही, आणि दुरुस्तीच्या टप्प्याशिवाय ती येऊही शकत नाही. मदत देऊ केल्यावर माणूस काय करतो, यावरूनच तो फरक कळतो.

हा फरक न करता संपादन केले की काय होते, त्याचा धडा दक्षिण मुंबईने दिला आहे. तिथल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींची मूळ संख्या 19,642. त्यांतल्या बहुसंख्य 1940 पूर्वीच्या. त्यांच्यासाठी 1986 मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. 70 टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकारने इमारत मालकाकडून घेऊन त्यांना द्यावी, आणि मालकाला मोबदला किती, तर मासिक भाड्याच्या शंभरपट. ज्या खोलीचे भाडे महिना 100 रुपये, तिच्यापोटी 10,000. दक्षिण मुंबईत! रहिवाशांची अवस्था बिकट होती, दरवर्षी घरे कोसळून माणसे मरत होती, हे विसरून चालणार नाही. ही तरतूद कोणाच्या लहरीतून आलेली नव्हती. पण गोठवलेल्या भाड्यावर मोबदला ठरवल्यावर मालक गप्प बसणार नव्हते. 1991 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण तीन न्यायाधीशांकडून पाच, पाचांकडून सात आणि 2002 मध्ये नऊ न्यायाधीशांकडे गेले. निकाल लागला 5 नोव्हेंबर 2024 रोजी. बहुमताने ठरले की या तरतुदीला आधार मानलेल्या घटनेच्या कलम 39 (ब) मधल्या 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप बसत नाही. ती कोणत्या प्रकारची आहे, किती दुर्मीळ आहे, ती मोजक्या हातांत राहिल्याने समाजावर काय परिणाम होतो, हे पाहावे लागेल. न्यायमूर्ती धुलिया यांचे मत वेगळे पडले. विद्वत्तेच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. पण ज्या इमारतींसाठी तीन दशके वाट पाहिली त्यांच्या तुळयांना या चर्चेने टेकू मिळाला नाही.

2024 च्याच मे महिन्यात कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला असला तरी कलम 300-अ हे नुसते 'कायदा करा आणि घ्या' असे नाही. नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य मोबदला, वेळेत कार्यवाही आणि संपादन पूर्णत्वाला नेणे, असे सात हक्क त्यात अंतर्भूत आहेत. कोणाला वाटेल की यामुळे वारसा घरे घेणे सरकारला आणखी अवघड झाले. मला उलट दिसते. दुरुस्तीच्या नोटिशीची पायरी या सात कसोट्यांत सहज बसते. मालकाला काय चुकते आहे ते नेमके सांगितले, सुधारायला वेळ दिला, मदत दिली, त्याचे म्हणणे ऐकले. इतके झाल्यावर घेतलेले संपादन न्यायालयात टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त. एकदम कब्जा मागणारे सरकारच खटल्यांत अडकते.

आणखी एक आक्षेप कोणत्याही पुणेकराच्या तोंडी लगेच येईल: सरकारच्या हाती दिले म्हणजे वाचले असे कोणी सांगितले? सरकारी मालकीच्या कित्येक जुन्या वास्तूंची अवस्था पाहता हा टोमणा झोंबतो. याचे उत्तर असे की संपादन करणाऱ्यानेच वास्तू सांभाळली पाहिजे असे कुठे आहे? श्रॉपशरमधले पेल वॉल हॉल हे वास्तुकार जॉन सोन यांनी 1820 च्या दशकात बांधलेले घर 1986 मध्ये आगीत सापडले. स्थानिक परिषदेने ते सक्तीने घेऊन जतन-न्यासाकडे सोपवायचे ठरवल्यावर मालकाने आव्हान दिले, की परिषदेने घेतले तर जतनही तिनेच करायला हवे, परस्पर दुसऱ्याला देता येणार नाही. न्यायालयाने हे मान्य केले नाही. जतन झाल्याशी मतलब. आपल्याकडेही न्यास, विद्यापीठ, रहिवाशांची सहकारी संस्था किंवा जतनाची अट स्वीकारणारा खासगी खरेदीदार यांच्याकडे घर लगेच सोपवण्याची तरतूद ठेवली तर सरकारी कुलपाची भीती बरीच कमी होईल.

खर्चाचा आक्षेप मात्र असा झटकून टाकता येत नाही. नॉर्थहॅम्प्टनशरमधला अपेथॉर्प हॉल हा राजा पहिला जेम्स जिथे मुक्कामाला येई असा जुना प्रासाद. तो वर्षानुवर्षे रिकामा पडून खचत होता, म्हणून ब्रिटिश सरकारने 2004 मध्ये सक्तीने विकत घेतला. इंग्लिश हेरिटेजने त्यावर सुमारे 80 लाख पौंड ओतले आणि शेवटी तो सुमारे 25 लाख पौंडांना विकला. व्यापारी हिशेबाने हा घाट्याचा सौदा. पण विकताना अट घातली: पुढची 80 वर्षे दरवर्षी 50 दिवस लोकांना तो पाहता आला पाहिजे. एवढा पैसा आपल्या महापालिका प्रत्येक वाड्यावर घालू शकणार नाहीत, घालूही नये. म्हणून निवड करावी लागेल, आणि काही घरे जाऊ द्यावी लागतील हे उघडपणे म्हणावे लागेल. यादीत शेकडो नावे घालायची आणि निधी शून्य ठेवायचा, यापेक्षा मोजक्या वास्तू निवडून त्यांच्यामागे खरोखर उभे राहणे प्रामाणिकपणाचे. शिवाय अपेथॉर्पचा आकडा हा उशिराचा आकडा आहे. छप्पर गळायला लागल्याबरोबर दुरुस्त केले तर खर्च हजारांत भागतो, तुळई कुजल्यावर लाखांत जातो, भिंत फुगल्यावर तो कोणाच्याच आवाक्यात राहत नाही.

भाडेकरूंचे काय, हा शेवटचा आणि आपल्याकडे सगळ्यांत कळीचा प्रश्न. इंग्लंडच्या कायद्यातून याचे उत्तर मिळत नाही, कारण पागडी तिकडे नाही. आपल्याकडे मालक आणि सरकार यांच्यामध्ये तिसरी बाजू कायम उभी असते, आणि भिडेवाड्यात शेवटपर्यंत लढली ती तीच. दुरुस्तीच्या नोटिशीत भाडेकरूला पक्षकार करणे, दुरुस्तीच्या काळात त्याची पर्यायी सोय करणे आणि दुरुस्त झालेल्या घरात परतण्याचा त्याचा हक्क लेखी मान्य करणे, एवढे केले तर निम्म्या याचिका दाखलच होणार नाहीत. पाडण्याच्या नोटिशीने भाडेकरू घाबरतो, कारण पाडल्यावर परत येता येत नाही हे त्याने शेजारी पाहिलेले असते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा; त्यात वारसा इमारतींची व्याख्या 1994 मध्ये आली. विधिमंडळाने त्याच अधिनियमात आणखी एक कलम घालावे: वारसा यादीतल्या घराला दुरुस्तीची तपशीलवार नोटीस, यादीत आल्या दिवसाची स्थिती हा निकष, ठरावीक मुदत, ऐपत नसलेल्या मालकाला मदत, भाडेकरूला संरक्षण, आणि हे सगळे करूनही कोणी हलले नाही तरच जतनाच्या अटीवर संपादन. मुद्दाम पडू दिलेल्या घराचा मोबदला कमी करण्याची तरतूदही त्यात असावी. नवे खाते, नवे महामंडळ काही लागणार नाही. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची पाहणी करणारा महापालिकेचा अभियंता दर वर्षी त्याच पेठांतून फिरतच असतो. त्याच्या हातात पाडण्याच्या नोटिशीबरोबर दुरुस्तीचीही नोटीस द्यावी.